व्यसनी : गुन्हेगार की रोगी?
(बंद्यांवरील व्यसनमुक्ती-उपचार व कामगारांची मादकद्रव्य-तपासणी : अमेरिकेच्या अनुभवाचा एक अभ्यास)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता : ‘नोकरीच्या ठिकाणी मादक द्रव्यांची तपासणी सक्तीची करावी.’ मी अनुकूल बाजूने बोलले होते. ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याला तपासणीची भीती कशाला?’ या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि पुढे बक्षीसही मिळाले. व्यासपीठावरून खाली उतरले तेव्हा आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी एवढेच विचारले, ‘‘तपासणीत जो सापडेल त्याचे पुढे काय करायचे, ते मात्र तू सांगितले नाहीस.’’ मी हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री मला आमच्या आळीतल्या एका दादाची आठवण झाली. तो लेथवर काम करी. हाताला मोठी सफाई होती. आमच्या सायकलींची किरकोळ दुरुस्ती तोच करून देई. पुढे तो गर्दच्या नादी लागला. कारखान्यात कळले तसे कामावरून काढले, घरातली भांडी जाऊ लागली, आणि एके दिवशी खिशात पुडी सापडून तो तुरुंगात गेला. काही महिन्यांनी सुटून आला तेव्हा अंगाने भरला होता, चेहऱ्यावर तजेला होता. त्याच्या आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. त्यानंतर दहा दिवसांच्या आत तो गेला. ‘सुधारला नाही, शेवटी त्याच वाटेने गेला,’ असे आळीतले सगळे म्हणाले. मीही तसेच समजत होते. या लेखासाठी वाचन करीत असताना मला कळले की आम्ही सगळेच चुकत होतो.

व्यसनी माणसाला शिक्षा करावी की औषध द्यावे, आणि त्याला शोधून काढण्यासाठी सर्वांची तपासणी करावी काय, या दोन प्रश्नांवर अमेरिकेने सुमारे शंभर वर्षे प्रयोग केले आहेत. यश-अपयश दोन्ही पदरात घेतले आहे. त्या अनुभवाचा थोडक्यात आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शेतावरचा तुरुंग

१९१४ साली अमेरिकेत अफू व कोकेन यांच्या व्यापारावर कर आणि नोंदणी लादणारा हॅरिसन कायदा झाला. नाव कराचे असले तरी परिणाम बंदीचा झाला. १९१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, व्यसनी माणसाचे व्यसन चालू राहावे एवढ्यासाठी डॉक्टरने मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार नव्हे. डॉक्टरांनी हात आखडता घेतला. रुग्ण चोरट्या बाजाराकडे वळले आणि तेथून तुरुंगात गेले. केंद्र सरकारचे तुरुंग अशा बंद्यांनी इतके भरले की १९२९ साली दोन खास संस्था उभारण्याचा कायदा करावा लागला. पैकी पहिली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ साली उघडली; दुसरी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९३८ साली.

लेक्सिंग्टनची संस्था म्हणजे अर्धे इस्पितळ व अर्धा तुरुंग. भोवती सुमारे हजार एकर जमीन, गाईंचा गोठा, कोंबड्या, शिवणकाम, सुतारकाम. मोकळी हवा, कष्ट आणि मानसोपचार यांनी माणूस सुधारेल ही कल्पना त्यामागे होती. शिक्षा झालेले बंदी आणि आपणहून आलेले रुग्ण असे दोन्ही प्रकारचे लोक तेथे राहत. सॉनी रॉलिन्ससारखे नामांकित जॅझ वादकही तेथे राहून गेले.

हेतू उदात्त होता, पण फळ निराशाजनक आले. घरी परतलेल्या रुग्णांचा माग घेता बहुसंख्य लोक पुन्हा व्यसनाकडे वळलेले आढळले, तेही बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. शेतावर माणूस स्वच्छ राही. परंतु आगगाडीने न्यूयॉर्कला उतरला की जुनी गल्ली, जुने मित्र आणि तीच बेकारी त्याची वाट पाहत असत. जॉर्ज व्हॅलंट या मानसोपचारतज्ज्ञाने येथून बाहेर पडलेल्या न्यूयॉर्कच्या शंभर रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्याला असे दिसले की नुसता तुरुंग फारसा उपयोगी पडला नाही, आणि आपखुशीने घेतलेला अल्प मुदतीचा उपचारही पडला नाही. ज्यांच्यावर सुटकेनंतर वर्षभर किंवा अधिक काळ पॅरोलची देखरेख राहिली आणि ज्यांना कामधंदा टिकवावा लागला, त्यांची स्थिती त्या मानाने पुष्कळच बरी होती. या निष्कर्षाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते, कारण पुढे पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या लोकांना हीच गोष्ट पुन्हा शोधून काढावी लागली.

या संस्थेची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. तेथे व्यसनाचे मोलाचे संशोधन झाले, पण ते बंद्यांवर प्रयोग करून झाले, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्यास मोबदला म्हणून मादक द्रव्येच देण्यात येत. १९७५ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे ही हकिकत आली. तत्पूर्वीच, १९७४ साली, लेक्सिंग्टनचे रूपांतर साध्या तुरुंगात झाले होते. ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याच्याच हाती औषध दिले की उपचाराला कसा डाग लागतो, याचे हे उदाहरण आहे.

एक निकाल, एक औषध आणि एक युद्ध

कॅलिफोर्निया राज्याच्या एका कायद्यान्वये व्यसनी असणे हाच गुन्हा होता. त्याला किमान नव्वद दिवसांची कैद होती. लॉस एंजलिसमध्ये पोलिसांनी रॉबिन्सन नावाच्या माणसाच्या दंडावर सुयांच्या खुणा पाहिल्या आणि त्याच्यावर खटला भरला. त्याच्याजवळ द्रव्य सापडले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ साली न्यायालयाने निर्णय दिला की व्यसन हा आजार आहे आणि आजारी असण्याबद्दल शिक्षा करणे ही क्रूरता आहे. साधी सर्दी झाली म्हणून एक दिवसाची कैदही अन्यायाचीच ठरेल, असा दाखला न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी दिला. पण दैवदुर्विलास असा की हा निकाल लागण्यापूर्वीच, १९६१ च्या ऑगस्टमध्ये, रॉबिन्सन मरण पावला होता. द्रव्य जवळ बाळगणे व विकणे हे मात्र गुन्हेच राहिले. त्यामुळे तात्त्विक विजय मोठा असला तरी तुरुंग रिकामे झाले नाहीत.

दुसरी घटना न्यूयॉर्कची. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या दोन डॉक्टरांनी हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन हे औषध देऊन पाहिले. १९६५ साली त्यांनी बावीस रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मेथाडोन हेही अफूच्याच कुळातले, पण ते तोंडाने घेता येते, दिवसातून एकदा पुरते, त्याने ‘टर्की’च्या, म्हणजे गर्द तुटल्यावर होणाऱ्या यातना थांबतात, आणि योग्य मात्रेत घेतल्यास वरून हेरॉइन घेऊनही कैफ चढत नाही. माणूस सकाळी औषध घेऊन कामावर जाऊ शकतो. ‘एक व्यसन काढून दुसरे लावले’ अशी टीका तेव्हा झाली व आजही होते. त्यावर डॉक्टरांचे उत्तर असे की मधुमेह्याला रोज इन्शुलिन लागते, पण त्याला आपण इन्शुलिनचा व्यसनी म्हणत नाही.

तिसरी घटना व्हिएतनाममधील. तेथे लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा मोठा प्रसार झाल्याच्या बातम्या १९७१ साली आल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मादक द्रव्यांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरविले आणि मायदेशी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासण्याचा हुकूम झाला. ज्याच्या लघवीत द्रव्य आढळेल त्याला थांबवून ठेवावयाचे, नशा उतरवावयाची, मग विमानात बसवावयाचे. सामुदायिक लघवी-तपासणीचा हा पहिला मोठा प्रयोग म्हणता येईल.

पुढे ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. व्हिएतनाममध्ये सुमारे एकपंचमांश सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते; पण त्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेलेले शेकडा पाचच निघाले, आणि तीन वर्षांत सुमारे शेकडा बारा. लेक्सिंग्टनच्या अनुभवाच्या हे अगदी उलट होते. लेक्सिंग्टनचा रुग्ण ज्या गल्लीत व्यसन लागले त्याच गल्लीत परतत होता, तर सैनिक ती जागा हजारो मैल मागे टाकून येत होता. व्यसन माणसाच्या रक्तात असते तितकेच त्याच्या परिसरातही असते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

न्यायालयाच्या दारातून दवाखान्याकडे

१९६९ साली रॉबर्ट ड्यूपाँट या डॉक्टरने वॉशिंग्टन शहराच्या तुरुंगात नव्याने येणाऱ्यांची तपासणी केली. शंभरांतील चव्वेचाळीस-पंचेचाळीस जण हेरॉइन घेणारे निघाले. म्हणजे रुग्ण शोधायला कोठे जावयास नको होते. पोलीसच त्यांना रोज आणून देत होते. मग तेथूनच त्यांना उपचाराकडे का वळवू नये? या विचारातून १९७२ साली डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे अशी पहिली योजना सुरू झाली. आरोपीची पारख करावयाची, योग्य असल्यास खटल्याऐवजी किंवा खटल्याबरोबर उपचाराला पाठवावयाचे, आणि तो येतो की नाही हे न्यायालयाला कळवावयाचे, असे तिचे स्वरूप होते.

याच सुमारास दुसरा प्रवाहही जोरात होता. न्यूयॉर्क राज्याने १९७३ साली केलेल्या कायद्यात थोड्याशा हेरॉइनच्या विक्रीलाही पंधरा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. १९८० नंतर कोकेनचे पेव फुटले, तसे तुरुंग व न्यायालये ओसंडून वाहू लागली.

या कोंडीतून १९८९ साली फ्लोरिडातील मायामी येथे पहिले ‘ड्रग कोर्ट’ निघाले. या न्यायालयाची रीत समजून घेण्यासारखी आहे. आरोपीने वर्षभर किंवा अधिक काळ उपचार घ्यावयाचा, ठरल्याप्रमाणे लघवी-तपासणी द्यावयाची, आणि दर एक-दोन आठवड्यांनी त्याच न्यायाधीशापुढे उभे राहावयाचे. चांगली प्रगती असेल तर भर कोर्टात कौतुक होते, कधी टाळ्याही पडतात. चुकला तर समज मिळते किंवा एक-दोन दिवसांची कैद होते. पण एकदा घसरला म्हणून त्याला योजनेतून काढीत नाहीत. शेवटपर्यंत टिकल्यास खटला रद्द होतो. आज अमेरिकेत अशी हजारो न्यायालये आहेत. अभ्यासांचा एकंदर कौल असा की त्यांतून गेलेले लोक इतर आरोपींच्या मानाने कमी प्रमाणात पुन्हा गुन्ह्यात सापडतात.

तथापि दोष आहेतच. काही न्यायाधीश वर्षानुवर्षे मेथाडोनला परवानगी नाकारीत आले. रोग्याला औषध बंद करण्याचा हुकूम न्यायाधीशाने द्यावा हे विचित्रच. शिवाय जो टिकला नाही त्याला मूळ शिक्षेपेक्षा अधिक काळ कैद भोगावी लागल्याची उदाहरणे आहेत.

नुसत्या तपासणीवर व झटपट शिक्षेवर भर देणारा एक प्रयोग हवाई बेटांवर २००४ साली न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी सुरू केला. तपासणीत दोषी आढळला की लगेच दोन-चार दिवस आत. शिक्षा लहान, पण हमखास. प्रथम त्याचा मोठा बोलबाला झाला. परंतु तोच प्रयोग मुख्य भूमीवर चार ठिकाणी काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा नेहमीच्या देखरेखीहून सरस फळ दिसले नाही. याच्या उलट टोकाला ओरेगॉन राज्य गेले. २०२० च्या मतदानानुसार तेथे अल्प प्रमाणात द्रव्य बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. शंभर डॉलर दंड भरावा किंवा मदतीच्या दूरध्वनीवर बोलावे, एवढेच. दूरध्वनी करणारे फार थोडे निघाले आणि उपचारांचा पैसा गावोगाव पोचायला उशीर झाला. सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरले आहे. नुसती काठी चालत नाही, आणि दवाखाना उभा नसताना काठी टाकून देणेही चालत नाही.

सुटकेनंतरचे दोन आठवडे

आता मी आमच्या आळीतल्या दादाकडे येते.

हेरॉइन नियमित घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होत जाते. पहिल्या दिवशी जी मात्रा जीव घेईल ती पुढे नुसती ‘टर्की’ टाळण्यापुरती होते. परंतु ही सवय टिकाऊ नसते. काही आठवडे किंवा महिने द्रव्य मिळाले नाही की शरीर पुन्हा पूर्ववत होते. मनाला मात्र जुनी मात्राच आठवत असते. तुरुंगातून सुटलेला माणूस एखाद्या वाईट संध्याकाळी जुन्या हिशेबाने मात्रा घेतो, आणि मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावून श्वास बंद पडतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातील इतर नागरिकांच्या सुमारे तेरापट होता, आणि द्रव्याच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका तर १२९ पट. हा आकडा मी दोनदा वाचला. पेढे वाटले तो दिवस आणि तो गेला तो दिवस यांतील अंतर मी बोटांवर मोजले. तो सुधारला नव्हता म्हणून गेला असे नाही. काही महिने तो द्रव्यापासून दूर राहिला, म्हणूनच जुनी मात्रा त्याला सोसली नाही. ही गोष्ट त्याला किंवा त्याच्या आईला सुटकेच्या दिवशी कोणी सांगितली असती तर काय झाले असते, हे मला सांगता येत नाही. पण सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

यावर उपाय आहे काय? ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ पासून आपल्या तुरुंगांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन व नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे उपलब्ध केली, आणि सुटल्यावर तोच उपचार बाहेर चालू राहील अशी व्यवस्था केली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण अतिमात्रेने दगावले होते. २०१७ च्या त्याच काळात ९. तुरुंगातील उपचार फाटकाशी संपला की वाया जातो, फाटकाबाहेर चालू राहिला की जीव वाचवतो.

कारखान्याच्या दारात बाटली

आता माझ्या वादविवादाच्या विषयाकडे वळू. २६ मे १९८१ रोजी ‘निमिट्झ’ या अमेरिकन विमानवाहू नौकेवर उतरणारे विमान कोसळून १४ जण ठार झाले. डेकवरील मृत खलाशांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघाताचे कारण ते ठरले नाही, तरीही देशभर खळबळ उडाली आणि नौदलाने सरसकट लघवी-तपासणी सुरू केली. परिणाम झाला. अमेरिकन सैन्यदलांच्या पाहणीत मागील महिन्यात मादक द्रव्य घेतल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९८० साली शेकडा २७.६ होते, ते १९९२ साली ३.४ वर आले.

सैन्यातून ही पद्धत कचेऱ्यांत आली. १५ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारच्या नोकरांसाठी तपासणीचा आदेश काढला. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधील चेस येथे मालवाहू कंपनीची इंजिने उतारू गाडीच्या मार्गात आली व १६ जण मेले. त्या इंजिनांवरील दोघांनी गांजा ओढला होता. यानंतर विरोध मावळला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल देऊन रेल्वे कामगारांची अपघातानंतरची तपासणी आणि जकात खात्यातील काही पदांची तपासणी वैध ठरविली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी रेल्वेच्या बाबतीत मान्यता दिली, परंतु जकात खात्याच्या बाबतीत विरोधी मत नोंदविले. रेल्वेत धोक्याचा पुरावा होता. जकात खात्यात तसा काहीच पुरावा नसता नुसता दिखावा म्हणून माणसाची अप्रतिष्ठा का करावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९९१ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत दारू प्यालेल्या चालकामुळे पाच माणसे मेली, आणि त्याच वर्षी वाहतूक-व्यवसायातील कामगारांसाठी दारूसह तपासणी सक्तीची झाली. मात्र १९९७ साली निवडणुकीच्या उमेदवारांची तपासणी करणारा जॉर्जिया राज्याचा कायदा त्याच न्यायालयाने रद्द केला. सूत्र असे दिसते : ज्याच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाईल त्याची तपासणी न्याय्य, नुसत्या संशयाने सर्वांची नव्हे.

तपासणी काय सांगते?

लघवीत जे सापडते ते बहुधा द्रव्याचे शरीरात झालेले अवशेष असतात. कोकेनचे अवशेष दोन-तीन दिवस मिळतात, रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे मिळतात, तर दारू काही तासांत नाहीशी होते. म्हणून शनिवारी गांजा ओढून सोमवारी शुद्धीत काम करणारा सापडतो, आणि रात्री दारू पिऊन सकाळी थरथरत्या हाताने यंत्र चालविणारा सुटू शकतो. पूर्वी घेतले होते एवढेच ही तपासणी सांगते. आत्ता नशेत आहे की नाही हे सांगत नाही.

दुसरी अडचण चुकीच्या निकालाची. एक साधे गणित करून पाहू. हजार कामगारांत वीस जण द्रव्य घेणारे आहेत, प्राथमिक तपासणी त्या वीसही जणांना पकडते, पण उरलेल्यांत शंभरी दोघांना चुकून दोषी दाखवते, असे धरा. ९८० निर्दोष कामगारांपैकी सुमारे वीस जण नाहक अडकतील. म्हणजे दोषी ठरलेल्या चाळीसांपैकी निम्मे निरपराध! म्हणूनच १९८८ च्या अमेरिकन नियमांनी दुसरी, अधिक अचूक रासायनिक चाचणी आवश्यक ठरविली, आणि अहवाल मालकाकडे जाण्यापूर्वी एका डॉक्टरने कामगाराशी बोलून तो तपासावा असा दंडक घातला.

येथे आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू डोकावते, ती म्हणजे खसखस. खसखस अफूच्याच बोंडातली, तिच्यात मॉर्फिनचा सूक्ष्म अंश असू शकतो. खसखस घातलेले पाव खाल्लेले लोक तपासणीत अफूबाज ठरू लागले, तेव्हा १९९८ साली तेथील सरकारने अफूवर्गीय द्रव्यांची प्राथमिक मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. दिवाळीत अनारसे खाणाऱ्या आपणा मंडळींना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कशाला’ या माझ्या टाळीच्या वाक्याला खसखशीच्या दाण्याने उत्तर दिले!

मग तपासणी निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. अमेरिकेत व्यसनी डॉक्टरांसाठी जी योजना आहे तिच्यात डॉक्टराला काढून न टाकता उपचार देतात व सुमारे पाच वर्षे अधूनमधून अचानक तपासणी करतात. सोळा राज्यांतील ९०४ डॉक्टरांच्या पाहणीत सुमारे शेकडा ७८ जणांची त्या पाच वर्षांत एकही तपासणी दोषी निघाली नाही. वैमानिकांसाठीही अशीच योजना १९७४ पासून आहे. तीच बाटली, तेच रसायन. पण एकाला ती नोकरीच्या बाहेर काढते, तर दुसऱ्याला नोकरीत परत आणते. खेदाची गोष्ट एवढीच की ही सोय डॉक्टर व वैमानिक यांना मिळाली, लेथवरच्या कामगाराला बहुधा मिळत नाही.

आपल्याकडे

भारतात १९८५ चा अंमली पदार्थविषयक कायदा लागू आहे. त्याच्या कलम २७ अन्वये सेवन हाही गुन्हा असून द्रव्यानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम ३९ आहे : सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी हमीपत्रावर मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कलम ६४-अ त्याहून पुढे जाते. अशा आरोपीने स्वेच्छेने पूर्ण उपचार घेतल्यास त्याच्यावर खटला चालत नाही. हेरॉइनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. दादाच्या खिशात एकच पुडी होती. ही कलमे त्याच्या घरच्यांना ठाऊक नव्हती, आणि आळीतही कोणाला ठाऊक नव्हती.

कायद्यात वाट आहे, पण वाटेच्या शेवटी दवाखाना हवा. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकालाच काही उपचार मिळतो. अशा परिस्थितीत पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांचे मोल कळते. तेथील रीतीत रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलणे असते, आणि बाहेर पडल्यावरही पाठपुरावा असतो. लेक्सिंग्टनच्या शेतावर जे राहून गेले ते हेच.

नोकरीतील तपासणीही आपल्याकडे आली आहे. विमान वाहतुकीत वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांची अचानक मादकद्रव्य-तपासणी ३१ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. तिच्यात पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्यास व्यसनमुक्ती-उपचाराकडे पाठविण्याची तरतूद आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

समारोप

तोच वादविवाद पुन्हा झाला तर मी कोणत्या बाजूने बोलेन? बहुधा अनुकूल बाजूनेच. पण माझ्या चार अटी राहतील. तपासणी ज्यांच्या हाती इतरांचे प्राण आहेत त्यांची व्हावी. दुसऱ्या अचूक चाचणीवाचून व डॉक्टरच्या बोलण्यावाचून कोणालाही दोषी धरू नये. जो सापडेल त्याला प्रथम उपचार मिळावा व बरा झाल्यावर त्याची जागा त्याला परत मिळावी. आणि जो तुरुंगात गेला असेल त्याचा उपचार फाटकाबाहेरही चालू राहावा.

मागच्या महिन्यात मी दादाच्या आईकडे गेले होते. त्या सुटकेनंतरच्या दोन आठवड्यांविषयी जे वाचले ते मी काकूंना साध्या शब्दांत सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यानं आत असताना खरंच सोडलं होतं?’’ मी ‘हो’ म्हटले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला आत गेल्या.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला एक वर्ष लागले. तपासणीत जो सापडेल त्याचे पुढे काय करायचे, हे आधी ठरवावे. बाटली मागाहून पुढे करावी.